एक किलोमीटरच्या आत

मैत्रीचा शाळेचा अर्ज वर्षालीने स्वतःच्या हाताने भरला होता. दुसऱ्या कुणी भरला असता तर त्याला चार शिव्या घालून ती मोकळी झाली असती. तेवढाही आधार तिला उरला नाही.

थेरगावात नदीच्या अंगाला सोपानरावांची दहा खोल्यांची पत्र्याची चाळ आहे. पुढे त्यांचा दुमजली बंगला आणि मागे चाळ. तिथल्या चौथ्या खोलीत वर्षाली, तिचा नवरा धम्मरत्न आणि त्यांची साडेपाच वर्षांची मुलगी मैत्री राहत होते. धम्मरत्न चाकणच्या एका कंपनीत कंत्राटावर प्रेस मशीन चालवायचा. पहिली शिफ्ट असली की पहाटे पाचलाच नाक्यावर बस धरायची. वर्षालीला घरबसल्या काम होतं. गाड्यांना लागणारे रबरी भाग पोत्याने घरी यायचे. त्यांच्या कडांना आलेलं जास्तीचं रबर ब्लेडने साफ करून ते परत पोत्यात भरायचे. संध्याकाळपर्यंत बोटं काळी पडायची आणि खोलीला रबराचा वास लागायचा.

वर्षाली परभणीकडची, दहावी पास झालेली. लग्नानंतर पुढं शिकायचं राहून गेलं, पण फोन हातात आल्यावर तो तिने पाठ करून टाकला. कुणाला गॅस सिलेंडर लावून दे, कुणाचा रेशनचा नंबर शोधून दे, कुणाच्या गावाकडच्या बसचं तिकीट काढ. चाळीतल्या बायका आपापले फोन घेऊन तिच्या दारात यायच्या. कामाचा हात पुसून ती ते करून द्यायची. तिला ते आवडायचं. आपण कुणाच्या तरी उपयोगाच्या आहोत, ही भावना रबराच्या पोत्यातून काही मिळत नव्हती.

खाजगी शाळांत पंचवीस टक्के जागा गरीब आणि मागास घरांतल्या मुलांसाठी मोफत असतात, हे तिला असंच फोनवर समजलं. अर्ज ऑनलाइन भरायचा, मग सोडत निघते. शाळेपासून एक किलोमीटरच्या आत ज्यांचं घर, त्यांना आधी जागा. बाकीच्यांना उरलं सुरलं.

कागद जमवायला महिना गेला. जातीचा दाखला धम्मरत्नकडे होता. त्याच्या वडिलांनी, खंडूबाबांनी, स्वतः कारखान्यात कामाला असतानाच खेटे घालून तो काढून ठेवला होता. मुलीचा जन्मदाखला होता. अडलं ते घराच्या पत्त्यावर. भाड्याचा नोंदणी केलेला करार लागत होता आणि सोपानराव करार करायला तयार नव्हते.

"माझी जमीन गेली ती असल्याच कागदांपायी," ते म्हणायचे. "आज करार करा, उद्या म्हनतील खोली आमचीच हाय."

वर्षाली रोज शालनबाईंच्या मागे लागली. शालनबाई म्हणजे सोपानरावांची बायको. त्यांच्या फोनवर नातवंडांचे फोटो वर्षालीच उघडून दाखवायची. शेवटी त्यांनीच नवऱ्याला पटवलं. एजंट अंगठ्याचं मशीन घेऊन बंगल्यावर आला, सोपानरावांनी नाखुशीने अंगठा ठेवला आणि करार झाला. पण तो हातात पडला तेव्हा अर्ज भरायचा शेवटचा दिवस उजाडला होता.

"केंद्रात दे भरायला," निघताना धम्मरत्न म्हणाला. "आपण नको हात लावू. त्यांना रोजची सवय असते."

"तिथेच देणार आहे," ती म्हणाली.

डांगे चौकाजवळ स्नेहल नावाच्या बाईंचं सेवा केंद्र आहे. दाखले, अर्ज, आधार, सगळं तिथे होतं. वर्षाली दहाला पोचली तर दाराबाहेर तीसएक माणसं. सगळ्यांच्या हातात त्याच कागदांच्या पिशव्या. स्नेहलताई एकटी, दोन कॉम्प्युटर, आणि वेबसाइट मिनिटामिनिटाला लटकत होती. दोन वाजता ती बाहेर आली आणि म्हणाली, "ज्यांच्याकडे स्वतःचा स्मार्टफोन आहे त्यांनी प्लीज स्वतः ट्राय करा. माझ्याकडून सगळ्यांचं आज होणार नाही. मी खोटं कशाला सांगू."

वर्षाली शेजारच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसली. मैत्रीला मांडीशी घेतलं, कागद गुडघ्यावर ठेवले आणि फोन उघडला. पान उघडायला अर्धा तास गेला. मग एकेक रकाना भरत गेली. नाव, जन्मतारीख, आईचं नाव, वडिलांचं नाव. पत्ता तिने दोनदा तपासून लिहिला. खोली क्रमांक चार, सोपानरावांची चाळ, नदीचा रस्ता. मग पुढचं पान आलं. वर लिहिलं होतं, आपल्या घराचे ठिकाण नकाशावर निश्चित करा. खाली नकाशा, त्यावर एक लाल ठिपका. फोनने विचारलं, तुमचं ठिकाण जाणून घेऊ द्यायचं का. तिने हो दाबलं. ठिपका थोडा थरथरला आणि एका जागी थांबला. तिला वाटलं, पत्ता तर आत्ताच लिहून दिला आहे, त्यावरून फोनने घर शोधलं असणार. तिने निश्चित करा वर बोट ठेवलं.

फोनने घर शोधलं नव्हतं. फोन ज्या पायरीवर होता ती पायरी शोधली होती.

नंतर शाळांची यादी आली. निळ्या गेटच्या इंग्रजी शाळेचं नाव सगळ्यात वर होतं. पुढे अंतर, शून्य पूर्णांक सहा किलोमीटर. वर्षाली जरा थबकली. त्या शाळेवरून ती कित्येकदा चालत गेली होती आणि चाळीपासून ती बरीच लांब वाटायची. पण खाली बारीक अक्षरात हवाई अंतर असं लिहिलं होतं. पाखरू उडत गेलं तर तेवढं असेल, असं म्हणून तिने मनाची समजूत घातली. खरं तर तिला आनंद झाला. आपल्या पायांपेक्षा तिने फोनवर विश्वास ठेवला.

फोनची बॅटरी संपत आली होती. चार वेळा ओटीपी आला आणि तीन वेळा वेळ संपली. शेवटच्या पानावर चौकट होती, वरील सर्व माहिती खरी आहे. तिने खूण केली. अर्ज गेला. घरी परतताना मैत्रीला तिने उसाचा रस पाजला.

"झालं का?" धम्मरत्नने आल्या आल्या विचारलं.

"मीच भरला," ती म्हणाली. तो मोठ्या कौतुकाने तिच्याकडे बघत राहिला. ती नजर तिला पुढे कित्येक दिवस आठवत होती.

*

सोडतीचा मेसेज आला तेव्हा ती पोतं बांधत होती. तिने तो तीनदा वाचला. आपल्या पाल्याची निवड झाली आहे. शाळा, निळ्या गेटची.

चाळीतला जो तो घरी येऊन गेला. शालनबाईंनी मैत्रीच्या हातावर साखर ठेवली. धम्मरत्नने कंपनीत लाइनवरच्या सगळ्यांना सांगितलं. त्याच्या सुपरवायझरने म्हणे टाळी दिली. घरी येऊन तो मैत्रीला समोर उभी करायचा आणि म्हणायचा, "वर्गात जाताना काय म्हणायचं?" मैत्री दाराबाहेर जाऊन आत डोकवायची. "मे आय कमीन टीचर." एवढंच तिला येत होतं, आणि ती ते दिवसातून वीस वेळा म्हणायची.

पडताळणी महापालिकेच्या एका शाळेतल्या वर्गात होती. लहान मुलांच्या बाकांवर आईबाप गुडघे वर करून बसले होते. समोर टेबलावर एक मॅडम लॅपटॉप घेऊन. वर्षाली सगळे मूळ कागद घेऊन गेली. धम्मरत्नला सुट्टी मिळाली नव्हती.

मॅडमनी जन्मदाखला बघितला, जातीचा दाखला बघितला, मान हलवली. मग करार घेतला. करारावरचा पत्ता वाचून त्यांनी लॅपटॉपवर काहीतरी उघडलं. बराच वेळ बघत राहिल्या.

"तुम्ही राहता कुठे?"

"नदीच्या रस्त्याला. सोपानरावांची चाळ."

"मग लोकेशन डांगे चौकातलं का टाकलंत?"

वर्षालीला प्रश्नच कळला नाही. मॅडमनी लॅपटॉप तिच्याकडे फिरवला. नकाशावर लाल ठिपका होता. त्याच्या शेजारी स्नेहलताईच्या केंद्राचं नाव होतं. वर्षालीने बोटाने चौकापासून खाली, नदीकडे रस्ता शोधत नेला आणि जिथे चाळ होती तिथे बोट थांबवलं. दोन्हींच्या मधे वीतभर जागा होती.

"तिथे बसून भरला मी अर्ज," ती म्हणाली. "मला वाटलं, पत्ता लिहिलाय तर फोनला कळेल."

"तुमच्या घरापासून ही शाळा एक पूर्णांक तीन आहे. एक किलोमीटरवाल्यांत तुमचं नाव लागलंय."

"मग ठिपका हलवा ना मॅडम. घर इथंय."

"ठिपका मला हलवता येत नाही. कुणालाच येत नाही, अर्ज गेल्यावर." मॅडमचा आवाज चढला नव्हता. त्या दिवसभरात असं किती जणांना सांगून थकल्या होत्या कुणास ठाऊक. "आणि हलवला तरी ही शाळा मिळणार नाही. तुमच्या चाळीजवळ मळ्यातली ती छोटी इंग्रजी शाळा आहे ना, तिथे जागा रिकाम्या राहिल्यात यंदा. लोकेशन बरोबर असतं तर ती पहिली आली असती यादीत."

मळ्यातली शाळा. चाळीच्या दारातून तिची घंटा ऐकू येते.

"मग तिथे घाला तिला."

"सोडत झाली. आता माझ्याकडे दोनच बटणं आहेत, ताई. स्वीकारा आणि नाकारा."

मागे रांग होती. मॅडमनी कागद नीट जुळवून तिच्या हातात दिले आणि आवाज खाली आणला. "शुक्रवारपर्यंत मी तुमचं प्रलंबित ठेवते. ठिपका हलत नाही. कागद बदलू शकतो. ठिपक्याच्या आसपासचा करार आणलात, तर माझ्या समोर जे येईल ते मी बघणार. एवढंच सांगते."

*

त्या संध्याकाळी धम्मरत्नला सांगताना तिने काही लपवलं नाही. तो ऐकत राहिला. जेवणाचं ताट तसंच सरकवलं.

"मी सांगितलं होतं केंद्रात दे," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "कुणी सांगितलं होतं शहाणपणा करायला."

एवढंच. नंतर तो पुन्हा कधी तसं बोलला नाही. पण एकदा बोलला ते बोलला. वर्षालीने उलट उत्तर दिलं नाही, कारण तीही दुपारपासून स्वतःला तेच विचारत होती.

सकाळी तो कामाला गेल्यावर ती विचार करत बसली. सोपानरावांची चौकाकडेही एक जागा होती, हे चाळीत सगळ्यांना माहीत होतं. निळ्या गेटच्या शाळेच्या भिंतीला लागून चार खोल्या. त्यातली एखादी कागदावर तिच्या नावाने केली तर. खोटं होतं ते. आयुष्यात तिने असलं काही केलं नव्हतं. पण आपण खरं सांगूनही फोनने खोट्यात काढलं, तर मग एक खोटा कागद करून खऱ्यात यायचं, यात पाप ते काय, असं तिने स्वतःला समजावलं. तोंड धुतलं, पदर सारखा केला आणि बंगल्याची पायरी चढली.

सोपानराव झोपाळ्यावर बसले होते. शालनबाई चहा गाळत होत्या. वर्षालीने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, कुठे चुकलं ते, मॅडम काय म्हणाल्या ते. शेवटी म्हणाली, "आप्पा, शाळेपाशी तुमच्या खोल्या आहेत. एकीचा करार माझ्या नावाने करून द्या. नुसता कागदावर. मी तिथे राहायला येणार नाही. वाटलं तर तसं लिहून देते."

सोपानरावांनी पायाने झोपाळा थांबवला.

"न्हाई जमायचं, पोरी. तीन खोल्यांत भाडोत्री हायेत. त्यांचे करार हायेत."

"आणि चौथी?"

"चौथी मोनिकाच्या नावावर केलीया."

मोनिका त्यांची मुलगी. दिलेली होती चांगल्या घरात, नवरा शेखर स्वतःचं गोदाम चालवायचा. वर्षालीच्या तोंडून सहज गेलं, "पण मोनिकाताई तर पिंपळे गुरवला राहतात. फ्लॅटमध्ये."

शालनबाईंनी चहाचं भांडं ओट्यावर ठेवलं आणि पदराने हात पुसत उभ्या राहिल्या. तेव्हा वर्षालीच्या डोक्यात प्रकाश पडला. मोनिकाचा मुलगा मैत्रीच्याच वयाचा. त्याचंही नाव सोडतीत लागलं होतं. त्याच शाळेत. शालनबाई त्या दिवशी साखर घेऊन आल्या तेव्हा इतक्या खुशीत का होत्या, तेही आत्ता कळलं.

मोनिकाचा अर्ज एजंटने भरला होता. ठिपका त्याने शाळेच्या भिंतीपाशी नेऊन ठेवला होता, करार त्याच ठिकाणचा केला होता, उत्पन्नाचा दाखलाही कुठूनसा आणला होता. ठिपका आणि कागद जुळत होते. त्यामुळे ते खरं होतं.

"आप्पा, मी काही तुमच्याविरुद्ध बोलणार नाही," वर्षाली म्हणाली. "मला फक्त मैत्रीचं बघायचंय."

"तू बोलशील असं म्या म्हनत न्हाई," सोपानराव म्हणाले. ते रागावले नव्हते, उलट शरमल्यासारखे दिसत होते. "पन मानसाचं मन हाय. उद्या तुझी पोर घरी बसली आन मोनिकाचा पोरगा गाडीत बसून साळंला निघाला, की तुझ्या मनात येनारच. तुला येतंय बी सगळं फोनवर. एक तक्रार टाकायला कितीसा येळ लागतोय."

"मी नाही टाकणार."

"आमाला धास्ती कशाला. पुढच्या महिन्यात दुसरीकडं खोली बघा तुमी. मी काय लगेच घालवत न्हाई."

ती शालनबाईंकडे वळली. सहा वर्षांत ती त्यांना काकू म्हणत आली होती. त्यांच्या दुखऱ्या गुडघ्याला तेल चोळून दिलं होतं. शालनबाई खिडकीतून बाहेर बघत होत्या.

"चहा घेऊन जा," त्या म्हणाल्या, मान न वळवता.

*

शुक्रवारी मॅडमसमोर तिने तोच जुना करार ठेवला.

"दुसरा नाही मिळाला?"

"नाही."

मॅडमनी नाकारा दाबलं. खाली कारणांची यादी उघडली. त्यांनी दोनदा वर-खाली करून बघितली. चूक, गैरसमज, असं कारण त्या यादीत नव्हतं. "जवळपासचं हेच आहे," असं काहीसं पुटपुटत त्यांनी एकावर बोट ठेवलं.

वर्षाली गेटपर्यंतही पोचली नव्हती तोवर फोन वाजला. आपण सादर केलेली माहिती खोटी आढळल्याने आपल्या पाल्याचा प्रवेश रद्द करण्यात येत आहे.

शेजारी मैत्री उभी होती. अक्षरं जोडून वाचायला ती नुकतीच शिकत होती, आणि आईच्या फोनवर जे येईल ते वाचायची तिला हौस. "खो, टी," ती म्हणाली. मग वर बघून, "आई, आपण काय खोटं बोललो?"

"काही नाही," वर्षाली म्हणाली.

"मग?"

गेटजवळ मोनिका आणि शेखर गाडीतून उतरत होते, हातात कागदांची नवी कोरी फाइल. मोनिकाने तिला बघून हात केला. वर्षालीनेही केला.

धम्मरत्नने दाद मागायची म्हणून एक दिवस बिनपगारी सुट्टी घेतली. शिक्षण खात्याच्या कार्यालयात त्याला सांगितलं, तक्रार ऑनलाइन करा, कागद इथे घेत नाही. ऑनलाइन तक्रारीत अर्ज क्रमांक घातला की एकच ओळ यायची, सदर अर्ज निकाली काढण्यात आला आहे. मदतीच्या नंबरवर संगीत वाजायचं, वाजत राहायचं, आणि बंद व्हायचं. पुढच्या वर्षी पुन्हा भरू, असं मनाशी धरून ते स्नेहलताईकडे गेले. तिने माहिती घालून बघितली आणि स्क्रीनकडे बघतच म्हणाली, "एकदा निवड झालेल्या बालकाला पुन्हा अर्ज करता येत नाही, असं दाखवतंय."

"पण प्रवेश कुठे झाला?" धम्मरत्न म्हणाला.

"निवड झाली ना, भाऊ. त्याला निवड तेवढीच कळते." तिने खुर्चीत मागे रेलून दोघांकडे बघितलं. "मी त्या दिवशी घेतलं असतं तुमचं आत, तर बरं झालं असतं." तिच्या बोलण्यात दोष नव्हता. तिला खरंच वाईट वाटलं होतं. वर्षालीला वाटलं, हिने शिव्या दिल्या असत्या तर सोसायला सोपं गेलं असतं.

*

जूनमध्ये ते कुरुळीला गेले. कंपनीच्या जवळ, म्हणजे धम्मरत्नची पहाटेची बस तरी वाचली. कंपन्यांच्या मागे एका ओळीत बांधलेल्या खोल्या होत्या, भिंतीला भिंत लागून. रात्रंदिवस कुठल्या ना कुठल्या मशीनचा धक्का जमिनीतून यायचा. रबराचं काम इतक्या लांब पोचवायला कुणी तयार नव्हतं, ते सुटलं. वर्षाली एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये भांडी घासायला लागली.

नव्या ओळीतल्या बायकांना तिच्या हाताचं कौशल्य माहीत नव्हतं. शेजारची कस्तुरा एकदा फोन घेऊन आली, रेशनकार्डाला आधार जोडायचा होता, मेसेज आला होता म्हणून. वर्षालीने मेसेज वाचला. पाच मिनिटांचं काम होतं, तिने थेरगावात वीस जणींचं करून दिलं होतं.

"मला नाही येत गं," ती म्हणाली आणि फोन परत केला.

कस्तुरा नाक्यावरच्या केंद्रात गेली. दिवसभराचा रोज बुडवून संध्याकाळी परत आली, काम न होताच. वर्षालीने दारातून तिला येताना बघितलं आणि आत जाऊन पीठ मळायला घेतलं. खोलीतला फोन आता धम्मरत्नच वापरायचा. तिला फोन लावायचा असला तर ती त्याला नंबर लावून द्यायला सांगायची. तोही काही न विचारता लावून द्यायचा.

मैत्रीला वस्तीवरच्या सरकारी शाळेत घातलं. पहिलीला सुमनताई नावाच्या बाई होत्या. पहिलीदुसरीची मिळून पन्नासच्या वर पोरं, आणि त्या एकट्या. मनाने चांगल्या होत्या. मैत्रीचं नाव ऑनलाइन चढवायला गेल्या तर चढेना. दोन दिवसांनी त्यांनी वर्षालीला बाजूला घेतलं.

"हिचं नाव थेरगावच्या एका शाळेकडे दिसतंय. त्यांनी सोडल्याशिवाय मला घेता येत नाही."

"तिथे ती एक दिवसही गेली नाही, बाई."

"मला पटतं. पण तिथून सोडवून आणा."

धम्मरत्न निळ्या गेटच्या शाळेत गेला. ऑफिसातल्या माणसाने रजिस्टर काढून दाखवलं. या नावाची मुलगी आमच्याकडे आलीच नाही, प्रवेशच झाला नाही, तर सोडल्याचा दाखला कशाचा द्यायचा. म्हणणं त्याचंही बरोबर होतं. धम्मरत्न तसाच परत आला. त्यानंतर तो आणखी दोनदा गेला आणि मग त्याच्या सुट्ट्या संपल्या.

"बसू दे तिला," सुमनताई म्हणाल्या. "बघू पुढे काय होतं."

मैत्री बसू लागली. पुस्तकं सरकारकडून नावावर येतात, तिची आली नाहीत. शेजारच्या मुलीच्या पुस्तकात ती वाकून वाचायची. रोज सकाळी हजेरी व्हायची. कॅन्टीनला जाताना वर्षाली तिला सोडून क्षणभर खिडकीशी थांबायची. सुमनताई नावं घेत जायच्या, पोरं हजर म्हणायची. शेवटचं नाव झालं की मैत्री हात वर करायची. "बाई, माझं राहिलं."

"तुझं येईल," सुमनताई म्हणायच्या.

पहिला महिनाभर ती रोज हात वर करत होती. मग एक दिवसाआड. गणपतीच्या सुट्टीनंतर तिने हात वर करणं सोडून दिलं. नावं चालू असताना ती पाटीवर रेघा मारत बसायची.

सुमनताईंनी रजिस्टरच्या शेवटच्या पानावर पेन्सिलने तिचं नाव लिहून ठेवलं होतं. ते त्यांनी वर्षालीला एकदा उघडून दाखवलं, तिला बरं वाटावं म्हणून. दिवाळीच्या आधी वरून तपासणी येणार असल्याचा निरोप आला. आदल्या दिवशी शाळा सुटताना त्या वर्षालीशी बोलायला बाहेर आल्या, हातात खोडरबर तसंच होतं.

"उद्या तिला घरीच ठेवा," त्या म्हणाल्या. "पटापेक्षा एक मूल जास्त दिसलं तर मला उत्तर देता येणार नाही."

वर्षालीने मान डोलावली. मैत्रीचा हात धरून ती रस्त्याला लागली. कंपनीची शिफ्ट सुटली होती, माणसांचा लोंढा समोरून येत होता. मैत्री विचारत होती, उद्या सुट्टी कशाची. वर्षाली म्हणाली, उद्या तुला बरं नाही.